दुकान वाढवताना

लाईट गेली हे आमच्या गल्लीत डोळ्यांच्या आधी कानांना कळायचं. इचलकरंजीत दुपारी तीन वाजता कसला आलाय अंधार! पण गल्लीच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने, आणि त्यांचा खडखडाट इतका अंगवळणी पडलेला, की तो चालू असताना कधी ऐकूच यायचा नाही. थांबला की ऐकू यायचा. शे-दीडशे माग एकदम सैल पडायचे, पट्टे उगाच थोडे फिरत राहायचे, आणि मग कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर कुणी कप विसळतंय तेही कळावं अशी शांतता पसरायची. त्या शांततेतला पहिला आवाज माझ्या टेबलाखालून यायचा. टीं... टीं... टीं. यूपीएस.

"आवर गं, आवर!" अण्णा आतून ओरडायचे.

अण्णा म्हणजे डीटीपीच्या दुकानाचे मालक. 2005 ते 2008 अशी तीन वर्षं मी त्यांच्याकडे ऑपरेटर होते. महाराष्ट्रातल्या भारनियमनाची ती ऐन भरातली वर्षं. कुठल्या भागात किती ते किती लाईट नसणार याचं कोष्टक पेपरात छापून यायचं आणि आम्ही ते कात्रण भिंतीला चिकटवायचो. वीज मात्र पेपर वाचत नसावी.

दुकानात दोन कॉम्प्युटर होते. एकावर विंडोज 98, दुसऱ्यावर एक्सपी. माझ्या पायाशी 600 व्हीएचा यूपीएस, त्याच्या पोटात 12 व्होल्टची छोटी बॅटरी. नवी असताना ती दहा-बारा मिनिटं तग धरत असेल, पण आमची नवी नव्हती. त्यात मॉनिटर काचेच्या नळीचा, पाठीमागे हातभर पोट सुटलेला, वीज प्यायला बसलेला. सगळं धरून हाती लागायची चार मिनिटं, फार तर पाच.

आणि पडद्यावर काय काय उघडं असायचं! कोरल ड्रॉमध्ये एक लग्नपत्रिका. दुसऱ्या फाइलीत कुणातरी युवा नेत्याच्या वाढदिवसाचा फलक, त्यात पाठीराख्यांचे अठ्ठावीस फोटो. पेजमेकरमध्ये पतसंस्थेचा वार्षिक अहवाल. स्कॅनरवरून नुकताच घेतलेला कुणाच्या तरी वडिलांचा फोटो, श्रद्धांजलीसाठी. कॅल्क्युलेटर. मागे विनॅम्पवर गाणी. एवढा संसार चार मिनिटांत बंद करायचा.

नवशिक्या माणसाचा हात आधी सगळ्यात मोठ्या कामाकडे जातो. मीही पहिल्यांदा तो फलकच सेव्ह करायला घेतला होता. अठ्ठावीस फोटोंचं ते धूड हार्डडिस्कवर उतरायला दोन मिनिटं लागली, तोवर यूपीएसचा सूर बदलला, आणि पत्रिका गेली. अण्णांनी त्या दिवशी क्रम शिकवला. आधी मोठं नाही आणि आधी छोटंही नाही. जे पुन्हा करता येणार नाही ते आधी. फोटो पुन्हा स्कॅन होतो, तो ड्रॉवरमध्ये आहे. पत्रिकेचा मजकूर कागदावर लिहून आलेला आहे, अर्ध्या तासाचं काम. पण अहवालातल्या आकड्यांत हिशेबनीस समोर बसून, तोंडी सांगून दुरुस्त्या करून गेलेला असतो, आणि त्या कुठल्याच कागदावर नसतात. म्हणून पेजमेकर पहिला. विनॅम्पला कुणी विचारत नाही. तो न विचारता जातो, आणि खरं तर त्याला बंद करायला हात वळवणं हाच वेळेचा अपव्यय.

अण्णांची स्वतःची रीत पाहण्यासारखी होती. लाईट गेली की ते आधी मॉनिटरचं बटण दाबून पडदा काळा करायचे. बॅटरीवरचा निम्मा-अधिक भार तिथंच उतरायचा. आणि मग त्या काळ्या काचेपुढे बसून नुसत्या बोटांनी एकेक प्रोग्रॅम मिटवत जायचे. कंट्रोल-एस, ऑल्ट-एफ फोर. कंट्रोल-एस, ऑल्ट-एफ फोर. मधे थांबून कान द्यायचे. हार्डडिस्कची कुरकुर थांबली म्हणजे फाइल उतरली. सगळ्या खिडक्या मिटल्यावर आणखी एकदा ऑल्ट-एफ फोर मारलं की विंडोज स्वतःच्या निरोपाची चौकट पुढं करतं. एंटर. मग ते पुन्हा पडदा लावायचे आणि जुन्या डब्यावर काळ्या पाटीवर नारिंगी अक्षरं आलेली दिसायची: आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही, अशा अर्थाची. नव्या डब्यांना ती अक्षरं लागत नाहीत, ते आपले आपण विझतात. मला मात्र ती नारिंगी ओळ आवडायची. सगळं झाकपाक करून, ओटा पुसून, पदराला हात पुसत दारात उभ्या राहिलेल्या बाईसारखी वाटायची ती.

त्या तीन वर्षांत माझ्या हातून एक मोठी चूक झाली, आणि ती नेमकी हुशारीतून झाली. एक्सपीच्या खालच्या पट्टीवर कंट्रोल दाबून धरून एकेका बटणावर टिचकी मारली की बरीच बटणं एकदम निवडली जातात, मग उजवी टिचकी मारून सगळा गट एका दमात बंद करता येतो, हे मला कुठंतरी कळलं होतं. अण्णांना माहीत नसलेली गोष्ट मला माहीत! मी लाईट जायची वाटच बघत होते म्हणा ना.

गेली एकदाची. मी खटाखट सहा-सात बटणं निवडली आणि बंद म्हटलं. माझी समजूत अशी की एका आज्ञेत सगळं मिटेल. पण प्रोग्रॅम गटानं मरत नाहीत. ज्याच्या त्याच्या हाती बदल राहिलेले, तो तो एकेक चौकट पुढं करून विचारायला लागला: बदल सेव्ह करायचे? हो, नाही, रद्द. पहिली चौकट एका फालतू चाचणीच्या फाइलीची. एन. दुसरीही तसलीच. एन. तिसरी, एन. बोटाला ताल सापडला. टेबलाखाली टीं टीं चाललेलंच. चौथी चौकट अहवालाची होती, हे मला एन दाबल्यावर कळलं. म्हणजे दिसलं आधी, कळलं नंतर.

यातली खरी गंमत (आता तिला गंमत म्हणते) मला पुढं समजली. पेजमेकर हा मोठा सावध गडी होता. पान उलटलं की तो न सांगता एक छोटी नोंद करून ठेवायचा, आणि ऐन कामात वीज तुटली तर पुन्हा उघडल्यावर त्या नोंदीवरून बरंचसं काम परत हाती द्यायचा. त्या दिवशी मी काहीच केलं नसतं, हात बांधून बसले असते आणि यूपीएस मरू दिला असता, तर अहवाल वाचला असता. मी रीतसर बंद केलं आणि रीतसर 'नाही' म्हटलं. त्यानं माझा शब्द मानला.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी नुसतं विचारलं, "म्हणजे त्यानं विचारायच्या आधी तू उत्तर दिलंस व्हय?" संध्याकाळी सातला लाईट आली. हिशेबनिसाला घरून बोलावलं, अण्णा आकडे वाचत गेले, मी भरत गेले. रात्री एक वाजता उठलो. घरी सोडायला ते सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. वाटेत रात्रपाळीचे माग परत बोलायला लागले होते.

*

निघताना अण्णा शटर खाली ओढायचे, कुलपाला हात लावून नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "चला, वाढवलं." दुकान बंद केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. बंद पडतं ते दिवाळखोराचं. रोजचं दुकान वाढवायचं असतं. आपल्या भाषेला संपवण्याचं भय आहे, आणि ते भय तिनं मोठ्या नजाकतीनं एका उलट्या शब्दात गुंडाळून ठेवलंय. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली. देवापुढचा दिवा विझवायचा नाही, शांत करायचा, नाहीतर त्याला निरोप द्यायचा. आणि उंबऱ्यातून बाहेर पडणाऱ्यानं 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. कुणी कितीही घाईत असो, येतो.

म्हणून पुढं पुण्यात नोकरीला लागले आणि लिनक्सच्या सर्व्हरपुढं बसले तेव्हा भाषेचा पहिला झटका बसला. तिथं प्रोग्रॅम बंद करायच्या आज्ञेचं नावच 'किल'. ऑफिसातली मराठी पोरंही सहज म्हणायची, ती प्रोसेस मारून टाक, मेली नाही तर पुन्हा मार. एकदा मी फोनवर कुणाला तरी हे सांगत असताना आई शेजारी बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं हळूच विचारलं, "कुणाला मारालीस गं?"

पण त्या खाटकी नावाच्या आत डोकावलं आणि मी चकितच झाले. किल ही आज्ञा मुळात मारत नाही, ती निरोप धाडते. नुसतं किल म्हटलं तर जातो तो पंधरा क्रमांकाचा संदेश. त्याचा अर्थ, बाबा रे, आता आवरतं घे. तो मिळाल्यावर प्रोग्रॅमला आपल्या फाइली मिटता येतात, तात्पुरती आणलेली जागा झाडून देता येते, कुणाशी बोलणं चालू असेल तर त्याला येतो म्हणता येतं. आपल्याकडे याला फार सुंदर शब्द आहे: निरवानिरव. जाणाऱ्यानं ज्याचं त्याला सोपवून, सांगून-सवरून मोकळं होणं. पंधरा क्रमांक म्हणजे निरवानिरवीला दिलेली सवड. तो संदेश प्रोग्रॅमला झिडकारताही येतो.

झिडकारता येत नाही तो नऊ. किल वजा नऊ. हा संदेश प्रोग्रॅमच्या हाती पडतच नाही मुळी, गाभ्यातली यंत्रणा परस्पर त्याचा प्राण काढून घेते. लिहिता लिहिता अर्धी राहिलेली ओळ अर्धीच राहते. नव्या पोरांना हा नऊचा फार शौक असतो, कारण तो लगेच लागू पडतो. मला मात्र नऊ टाइप करताना दर वेळी ती चौथी चौकट आठवते.

मेलेल्यांची तिथली व्यवस्था तर आमच्या गावगाड्याला शोभावी अशी. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला जन्म दिला तर पहिला बाप, दुसरा मूल. बाप आधी गेला तर मूल पोरकं होतं, पण वाऱ्यावर पडत नाही. एक क्रमांकाची मूळ प्रक्रिया, जी मशीन सुरू झाल्यापासून जागी असते, ती त्याला दत्तक घेते. आणि मूल आधी गेलं तर? जाताना ते एक आकडा मागं ठेवून जातं. बापानं तो वाचला की त्याची नोंद खोडली जाते. बापाला वेळच झाला नाही, त्यानं ती शेवटची चिठ्ठी वाचलीच नाही, तर मेलेलं मूल यादीत तसंच लटकत राहतं. जागा खात नाही, काम करत नाही, आणि पुन्हा मारताही येत नाही, कारण ते आधीच मेलेलं असतं. इंग्रजीत त्याला झोंबी म्हणतात. आपण मुंजा म्हणायला हरकत नाही, इच्छा राहिलेला. त्याला सोडवायचा उपाय एकच: बापाला चिठ्ठी वाचायला लावणं, नाहीतर बापालाच बाजूला करून एक क्रमांकाच्या पुढ्यात ते कलेवर ठेवणं. तो वाचतो. त्याला वेळ असतो.

त्या चिठ्ठीत काय असतं, तर एक अंक. शून्य असेल तर सगळं नीट पार पडलं. शून्याखेरीज काहीही असेल तर काहीतरी बिनसलं होतं. कुठल्याही परीक्षेत शून्य मिळाल्यावर एवढा आनंद मानणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

आणि एकदम सगळ्यांना मारण्याबद्दल एक किस्सा ऑफिसात नव्यांना आवर्जून ऐकवला जाई. लिनक्सवर 'किलऑल' पुढं प्रोग्रॅमचं नाव दिलं की त्या नावाच्या साऱ्या प्रती बंद होतात. सोय मोठी छान. पण सोलारिस या दुसऱ्या घराण्यातल्या यंत्रणेवर त्याच आज्ञेचा अर्थ अक्षरशः घेतलेला: सगळ्यांना. मशीन बंद करताना वापरायची ती आज्ञा. लिनक्सवर हात बसलेला माणूस तिकडं गेला आणि सवयीनं बोलून बसला की समोरचा सगळा गाव उठला. दोन सासरघरांत एकाच शब्दाचे दोन अर्थ असतात, हे आमच्या बायकांना कुणी शिकवायला लागत नाही. इंजिनियरांना लागतं.

*

तीन बटणांची गोष्ट सांगायची राहिली. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. फ्लोरिडात बोका रॅटन इथं आयबीएमचा पहिला पीसी घडत होता, जो 1981 च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. त्या छोट्या तुकडीत डेव्हिड ब्रॅडली नावाचा इंजिनियर होता. काम करताना यंत्र सारखं अडकायचं, दर वेळी वीज तोडून पुन्हा जोडण्यात वेळ जायचा. म्हणून त्यानं काही मिनिटांत ही खुबी लिहून टाकली: तिन्ही बटणं एकदम दाबली की यंत्र नव्यानं सुरू. आधी त्यानं डिलीटऐवजी एस्केप घेतलं होतं, पण ती तिन्ही डाव्या हाताशीच येत असल्यामुळे चुकून धक्का लागायचा. म्हणून तिसरं बटण त्यानं मुद्दाम कीबोर्डच्या पार दुसऱ्या टोकाला नेलं. दोन्ही हात गुंतल्याशिवाय ते कृत्य घडू नये. तिजोरीला दोन किल्ल्या दोघांकडे ठेवतात, तसलाच विचार. गंमत म्हणजे ही सोय फक्त तुकडीतल्या लोकांसाठी होती, गिऱ्हाइकासाठी नव्हतीच.

पीसीला वीस वर्षं झाली तेव्हाच्या समारंभात बिल गेट्स शेजारी बसलेले असताना ब्रॅडलीनं चिमटा काढला, की शोध माझा असेल, पण त्याला प्रसिद्धी मिळवून दिली ती यांनी. सभागृह हसलं. गेट्स फारसे हसले नाहीत म्हणतात.

विंडोज 98 मध्ये ही तीन बटणं दाबली की चालू कामांची यादी येई, आणि घाबरून पुन्हा दाबली की मशीनच बसकण मारून नव्यानं उठे. पुन्हा दाबलंत तर सगळ्या कार्यक्रमांतलं न सेव्ह केलेलं जाईल, असा इशारा त्या चौकटीत स्पष्ट लिहिलेला असायचा. इशारा वाचायला जो थांबला असता त्यानं दुसऱ्यांदा दाबलंच नसतं, ही गोष्ट वेगळी. पुढं विंडोज एनटीत तीच बटणं आत शिरण्यासाठी लागायला लागली. बँकेतली माणसं सकाळी खुर्चीत बसून पहिल्यांदा तीच तीन बोटं टेकवतात आणि मग पासवर्ड. यंत्राचा गळा धरायला जी खूण केली होती तीच दाराची कडी झाली. 2013 साली हार्वर्डमधल्या एका कार्यक्रमात गेट्सनी कबूल केलं की ती चूकच होती, त्यांना एकच बटण हवं होतं. मला वाटतं बरं झालं ते मिळालं नाही. शेवट करायच्या बटणापर्यंत हात पसरावा लागावा.

आज सगळ्यांना ओळखीची असलेली टास्क मॅनेजरची यादी मात्र 1996 ची, विंडोज एनटी 4 बरोबर आलेली. मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्ह प्लमर यांनी ती आधी घरी, हौसेखातर लिहिली होती. त्या यादीतला सगळ्यात हृदयद्रावक शेरा कोणता, तर 'प्रतिसाद देत नाही'. हा शेरा कसा ठरतो? पाच सेकंद. खिडकीला काही विचारलं आणि पाच सेकंदांत तिनं हूं की चूं केलं नाही, तर विंडोज तिला गेलेली धरतं. एवढंच नाही, तर तिला पडद्यावरून गुपचूप बाजूला सारून तिच्या जागी हुबेहूब तिच्यासारखी दुसरी खिडकी उभी करतं, जी हलवता येते, मिटता येते, पण जिच्या आत कुणी नसतं. तोतया. पानिपताची परंपरा असलेल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की इथं खरे भाऊसाहेब मागं जिवंत असतात, फक्त कामात असतात. कधी ते सहाव्या सेकंदाला परत येतात, तोतया मुकाट्यानं बाजूला होतो, आणि आपण तोवर 'संपवा'वर बोट ठेवलेलं असतं.

आई आता मोबाइल वापरते. तिची रात्रीची फेरी ठरलेली: गॅसचा खटका, पाण्याचा नळ, मागच्या दाराची कडी, आणि मग मोबाइल. चालू ॲपची रांग वर काढते आणि अंगठ्यानं एकेकाला पडद्याबाहेर ढकलते, ताटाखालची शितं निपटावीत तशी. उघडं ठेवलं तर बिल वाढतं, अशी तिची धारणा आहे. मी तिला एकदा समजावायला गेले. सांगितलं की ही ॲप बहुतेक निजलेलीच असतात, त्यांना हुसकून लावलं तर उद्या पुन्हा पहिल्यापासून उठवायला जास्तच बॅटरी जाते. 2016 मध्ये आयफोनच्या एका गिऱ्हाइकानं ॲपलच्या प्रमुखालाच ईमेल करून विचारलं होतं, की तुम्ही स्वतः ॲप बंद करता का आणि त्यानं बॅटरी वाचते का. उत्तर दिलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या क्रेग फेडेरिगींनी, आणि ते दोन शब्दांत मावलं. नाही, आणि नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "त्याच्या घरी माणसं असतील आवरायला." आणि व्हॉट्सॲपला ढकललं.

*

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी चालवला. शंभर वर्षांत त्याचे लाखाच्या घरात गेले. त्यातले चार आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत होते. आबा खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, माग आणि घाम आपला. चार मागांना माणूस एक. लोकांना वाटतं कॉम्प्युटर एकाच वेळी दहा कामं करतो. पुष्कळदा तो आबा करायचे तेच करतो: एकापुढं क्षणभर उभं राहायचं, कांडी बदलायची, तुटलेला धागा जोडायचा, की दुसऱ्याकडं. फेरी इतकी अखंड की चारीही मागांना वाटावं, आपल्यापाशी कुणीतरी आहे.

लाईट गेली की माझी धावपळ कीबोर्डवर, तशी त्यांची पत्र्याच्या खोलीत. मागाला सेव्ह नाही. मधेच वीज तुटली तर कधी धोटा ताण्याच्या धाग्यांत अडकतो, पाच-पन्नास धागे तुटतात. तुटले नाहीत तरी पुन्हा सुरू करताना कापडावर एक बारीक आडवी रेघ उमटते. व्यापारी ती नखानं दाखवून पैसे कापतो. आबा शांततेत चारी मागांवरून हात फिरवत जायचे, दांडे ओढून ठेवायचे, स्विच पाडायचे. लाईट आल्यावर चौघांनी एकदम उसळी मारू नये म्हणून. मग बाहेर येऊन पायरीवर बसायचे. शेजारच्या पायऱ्यांवर शेजारचे. अख्खी गल्ली पायरीवर. माझ्या आठवणीत आबा निवांत बसलेले दिसतात ते फक्त लोडशेडिंगमध्ये.

2019 च्या दिवाळीनंतर त्यांनी माग विकायचे ठरवले. गुडघे गेले होते, आणि साध्या मागाच्या कापडाला मजुरी परवडेना. घेणारा कापड विणण्यासाठी घेत नव्हता, भंगारात किलोवर घेणार होता. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. मी पुण्याहून आले होते. संध्याकाळी आबा म्हणाले, बीम तेवढी संपत आलीय, बंद करून येऊ चल.

खोलीत चारी माग चालू होते. त्या आवाजात बोलता येत नाही, खुणा कराव्या लागतात. पहिल्या मागापाशी ते धोटा पेटीत शिरायची वाट बघत उभे राहिले आणि नेमक्या क्षणी दांडा सोडवला. माग थांबला. धोटा काढून त्यांनी खिडकीत ठेवला, ताण्याची ओढ सैल केली, जसं काही उद्या सकाळी परत लावायचाय. दुसरा. तिसरा. आवाज पायरी पायरीनं उतरत गेला, आणि तिसऱ्यानंतर आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू यायला लागलं, पण बोललं कुणीच नाही.

चौथ्यापाशी त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. वाकून धोट्याकडं बघितलं. कांडी अर्धी भरलेली होती.

"चालू दे," म्हणाले.

कांडी संपली की साधा माग आपणहून थांबतो. आडव्या धाग्याला चाचपणारा एक छोटा काटा असतो, धागा लागला नाही की तोच दांडा पाडतो. आबा दाराच्या चौकटीला टेकले. मी सुताच्या पोत्यावर बसले. चार-पाच मिनिटं लागली असतील. आईनं मधेच डोकावून चहा झालाय म्हणून खूण केली, आबांनी हातानंच थांब म्हटलं. धोटा या पेटीतून त्या पेटीत जात होता, येत होता, आणि आम्ही तिघंही त्याच्याकडं बघत होतो.